वाफेची साक्ष

तारा होता होता राहून गेलेला गोळा म्हणजे तपकिरी बटू. वस्तुमान गुरूच्या सुमारे 75 पटींहून कमी, त्यामुळे त्याच्यात हायड्रोजनची भट्टी टिकत नाही आणि तो जन्मापासून निवतच जातो. म्हणून त्याला कोवळ्या वयात गाठायचं: वृषभ किंवा मृगातल्या मेघांत, जिथे दहा-वीस लाख वर्षांचे बटू म्हाताऱ्या बटूंपेक्षा शेकडो पटींनी उजळ असतात. पण फसगतही तिथेच. मेघातली धूळ निळा प्रकाश अडवते, मग पलीकडचा साधा ताराही मंद आणि तांबडा होऊन समोर येतो. या कामातलं खरं कसब उमेदवार गोळा करण्यात नाही, बाद करण्यात आहे, असं माझं मत.

चाकणच्या मशीन शॉपमधला गो-नो-गो गेज भोकाचं माप सांगत नाही; जॉब पास की रिजेक्ट, एवढंच सांगतो. 1.45 मायक्रॉनचा फिल्टर तसाच. बटूच्या वातावरणातली पाण्याची वाफ नेमका तिथला अवरक्त प्रकाश शोषते. धुळीला असा एकाच जागी खड्डा पाडता येत नाही. अडचण अशी, की आपल्या हवेतली वाफही तिथेच आडवी येते, म्हणून मौना केआसारखं उंच, कोरडं शिखर लागतं. चाकणच्या दिव्यांनी इथलं आकाश संपवलं, ही तक्रार दृश्य प्रकाशापुरती रास्त आहे. या पट्ट्यातल्या अवरक्तात आकाश उजळतं ते मुख्यतः वरच्या वातावरणातल्या हायड्रॉक्सिलमुळे. शिवाय मोठ्या सर्वेक्षणांच्या नोंदी खुल्या असल्याने छाननी चिंचवडमध्ये बसूनही होते.

कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये ग्लीझ 229 बी हा बटू जाहीर केला, तेव्हा निकाल मिथेनने दिला. मिथेन टिकावा इतका थंड तारा असूच शकत नाही. मग मेघांतही मिथेनच का शोधू नये? कारण तिथले बहुतांश कोवळे बटू 2000 केल्विनच्या वर तापलेले असतात आणि त्या उष्णतेत मिथेन टिकत नाही. वाफ टिकते, पण ती अगदी लहान ताऱ्यांतही असते. वस्तू मेघातलीच आहे का हे पाहायला ‘गाया’ या अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या गती वापरा, असंही सुचवतात, पण दाट मेघात ‘गाया’ आंधळा. वर्णपटात अवरक्तातला एच-पट्टा त्रिकोणी दिसला तर गुरुत्व कमी, म्हणजे वस्तू कोवळी, एवढं ठरतं; देवस्थळच्या 3.6 मीटर दुर्बिणीवरचं टीआयएफआरचं टॅनस्पेक हे वर्णपटयंत्र अशाच कामाचं. वस्तुमान मात्र वय गृहीत धरूनच निघतं आणि वयात दुपटीची चूक सहज होते. त्यामुळे 75 पटींच्या सीमेजवळच्यांना उमेदवारच म्हणावं आणि बाद झालेल्यांची यादीही छापावी. हा अतिसावधपणा वाटेल. पण 2024 मध्ये खुद्द ग्लीझ 229 बी दोन बटूंची जोडी निघाली, आणि तो तर अवघ्या 19 प्रकाशवर्षांवर, धुळीविना, समोर होता.