पावसाळ्यानंतरचा घाना

घानाला केव्हा जावे, या प्रश्नावर आमच्या घरी कित्येक संध्याकाळी चर्चा रंगली. त्या देशाच्या दक्षिण भागात पाऊस वर्षातून दोनदा येतो. उत्तरेत एकदाच, आणि ऑक्टोबरअखेर तो ओसरतो. लगोलग जावे, तर रान हिरवेगार. परंतु उंच गवतात हत्ती दिसणे दुरापास्त. जानेवारीत मोले राष्ट्रीय उद्यानातील हत्ती पाणवठ्यांवर उतरतात. (नाव ऐकून आपल्या गोमंतकातील मोलेच आठवावे!) मात्र तेव्हा सहारातून येणारा हरमॅटन वारा आकाश धुळीने झाकोळून टाकतो. अखेर आम्ही हत्तींच्या बाजूने कौल दिला.

खरी अडचण पीतज्वराच्या लशीची. तिचा दाखला घानात प्रवेशासाठी आवश्यक. तो नसल्यास परतल्यावर भारतातही सहा दिवसांपर्यंत विलग राहावे लागते. लस टोचल्यावर १० दिवसांनी दाखला ग्राह्य ठरतो. साठी उलटलेल्यांना मात्र ती देण्यापूर्वी डॉक्टर पुष्कळ विचार करतात, आणि आमचे काका सत्तरीकडे झुकलेले.

सर्वांत मोठी ओढ आहे ती एल्मिनाच्या किल्ल्याची. पोर्तुगीजांनी तो १४८२ साली बांधावयास घेतला. गोवा जिंकण्याच्या २८ वर्षे आधी. सोन्याच्या व्यापारासाठी उभारलेल्या त्या वास्तूच्या तळघरांत पुढे माणसे कोंडली गेली आणि गुलाम म्हणून समुद्रापार धाडली गेली. आमच्या किनाऱ्यावरील तटबंद्यांचे हे थोरले भावंड पाहिल्यावाचून आपलाही इतिहास अपुराच राहतो.

काकांनी निक्षून सांगितले आहे: डॉक्टरांनी आपणांस नकार दिला, तरी बाकीच्यांनी जावे, आणि हत्तींचे नंतर, एल्मिनाचे आधी सांगावे.