हाली की कलदार

लातूर-नांदेडकडच्या एखाद्या घरात जुनी सराफी वही निघाली आणि तीत चांदीचा भाव सापडला, तर तो वाचण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते: हे रुपये हाली की कलदार? निजामाच्या राज्यात राज्याचा स्वतःचा रुपया चालायचा, हाली सिक्का. बार्शीला उतरलं की इंग्रजांचा मुलूख आणि कलदार रुपया. कलदारात चांदी जास्त, म्हणून साधारण सात हाली मोजले की सहा कलदार मिळायचे. त्यामुळे एकाच दिवशीची, एकाच शुद्धतेची चांदी लातूरच्या वहीत महाग आणि बार्शीच्या वहीत स्वस्त दिसते. पुढे १९४० साली कलदारातली चांदीही निम्म्यावर आली, म्हणजे त्या वर्षाच्या अलीकडचा कलदार आणि पलीकडचा कलदार हेही एक नव्हेत. वही खोटी नसते. आपल्याला रुपया ओळखता आला पाहिजे.

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. ऑफिस लातुरात, बरेचसे अशील नांदेड जिल्ह्यातले. आमच्या कामाचा न दिसणारा पण मोठा भाग जुने भाव शोधण्याचा असतो. आजीची चांदी विकली, तर १ एप्रिल २००१ चा भाव लागतो. तेव्हा किलोला सात-साडेसात हजारांच्या आसपास होता. जुने शेअर विकले, तर ३१ जानेवारी २०१८ चा भाव लागतो, कारण त्या दिवसापर्यंतचा नफा कायद्याने करातून सोडलेला आहे. तारीख टाकली की आकडा मोबाइलवर येतो. अवघड असतं ते त्यानंतरचं, म्हणजे तो आकडा नेमका कशाचा आहे हे ओळखणं, आणि मला या व्यवसायात सर्वांत जास्त गोडी त्याच कामाची आहे.

याचं एक उदाहरण चांदीच्या खाणींचं. त्यांच्यापुरता वेगळा फंड आपल्याकडे नाही. ज्याला चांदीच्या खाणीत पैसे घालायचे असतात तो बहुधा हिंदुस्तान झिंकपाशी येऊन थांबतो. १९६६ साली सरकारने काढलेली कंपनी, २००२ पासून खासगी हातात. राजस्थानातल्या राजसमंद जिल्ह्यात सिंदेसर खुर्दची खाण आहे. ती जस्त-शिशाची, चांदी त्याच धोंड्यातून सोबत येते आणि शुद्ध होते ती थेट उत्तराखंडात, पंतनगरला. जगातली बहुतेक चांदी अशी दुसऱ्या धातूच्या पाठीवर बसूनच वर येते.

मुखेड तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी २०१० साली या कंपनीचे पन्नास शेअर बाराशे रुपयांनी घेतले होते. साठ हजार म्हणजे त्यांच्या निवृत्तीच्या पैशातला चांगला घास. २०२४ च्या मे महिन्यात भाव आठशेच्या पुढे जाऊन आला, तेव्हा त्यांच्या मुलाने मोबाइलवर जुना आलेख काढला आणि घरात वाद झाला. आलेखात २०१० चा भाव एकशेवीस दिसत होता. "साहेब, पावती माझ्याकडं आहे. बाराशेनं घेतलेत मी. हा म्हणतो, बाबा तुम्हाला फसवलं," असं म्हणत गुरुजींनी प्लास्टिकच्या पिशवीतून कॉन्ट्रॅक्ट नोट काढून टेबलावर ठेवली.

पावती खरी होती आणि आलेखही खरा होता. २०११ च्या मार्चमध्ये कंपनीने दहा रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे दोन-दोन रुपयांचे पाच तुकडे केले आणि त्यावर एकास एक बोनस दिला. एकाचे दहा झाले. आलेख काढणारा मागचे सगळे भाव दहाने भागून ठेवतो, नाहीतर त्या दिवशी रेघ कड्यावरून पडल्यासारखी दिसली असती. गुरुजींचे पन्नास आता पाचशे होते. आमच्या हिशेबात मात्र एकशेवीस हा आकडा कुठेच बसत नाही. तुकड्यांची किंमत वाटली जाते, म्हणून अडीचशे शेअर दोनशे चाळीस रुपयांचे. बोनसची मूळ किंमत शून्य, म्हणून उरलेले अडीचशे फुकटचे. वर त्यातले जे विकायचे त्यांना ३१ जानेवारी २०१८ चा तीनशेच्या आसपासचा भाव आधाराला घेता येतो. एका शेअरला चार भाव, आणि चारही आपापल्या जागी बरोबर. हे मी कोऱ्या कागदावर मांडलं, तेव्हा गुरुजींनी ते वर्गातल्या फळ्यासारखं मुलाला पुन्हा समजावून सांगितलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

पण या आलेखात जे दिसतच नाही ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०१६ च्या मार्चमध्ये कंपनीने शेअरमागे २४ रुपये लाभांश दिला. पुढच्या मार्चमध्ये २७ रुपये ५० पैसे. २०२२-२३ या एका आर्थिक वर्षात चार हप्ते मिळून ७५ रुपये ५० पैसे. नुसत्या या तीन आकड्यांची बेरीज १२७ होते. म्हणजे एकशेवीसला पडलेल्या शेअरने आपली सगळी किंमत रोखीत परत केली आणि शेअर हातात राहिलाच. लाभांशाची तारीख उलटली की भाव तेवढ्याने उतरतो, कारण ती रोकड कंपनीच्या तिजोरीतून गेलेली असते. नुसता भावाचा रकाना वाचणाऱ्याला ते उतरणं नुकसान वाटतं. काही ठिकाणी लाभांशही वजा करून जुने भाव दाखवतात, तिथे गुरुजींची खरेदी एकशेवीसच्याही खूप खाली दिसते. म्हणून दोन ठिकाणचे जुने भाव जुळले नाहीत, तर कुणाला खोटं ठरवण्याआधी रकान्याचं डोकं वाचावं.

अमेरिकेच्या बाजारात मात्र चांदीच्या खाणींचा खास फंड आहे. ग्लोबल एक्स सिल्व्हर मायनर्स हा २०१० च्या एप्रिलपासून चालतो. त्याची जुनी आकडेवारी उघडली की २०११ चं शिखर नव्वद डॉलरच्या आसपास दिसतं. त्या दिवशी प्रत्यक्ष घेणाऱ्याने तीस डॉलरच्या आसपास मोजले होते. इथे उलटं घडलं: भाव फार पडला म्हणून २०१५ मध्ये तीन युनिटांचं एक केलं गेलं आणि मागचे भाव तिप्पट करून लिहिले गेले. गुरुजींकडे भागाकार, इथे गुणाकार. एवढा भाव का पडला, तर खाणीचा खर्च भावासोबत खाली येत नाही. औंसभर चांदी काढायला पंधरा डॉलर लागत असतील, तर वीसच्या भावाला नफा पाच, पंचवीसला दहा आणि पंधराला काहीच नाही. चांदी पाव भागाने वाढली की नफा दुप्पट, पाव भागाने उतरली की नफा संपला. खाणीचा शेअर घेणारा चांदी घेत नाही. चांदीचा भाव आणि खर्च यांच्यामधली फट घेतो.

याच वर्षांत रुपयाचा प्रश्न पुन्हा येतो. २०११ च्या एप्रिलमध्ये चांदी औंसाला अठ्ठेचाळीस डॉलरच्या वर गेली होती आणि २०१६ च्या जानेवारीत चौदाच्या आसपास आली. म्हणजे सत्तर टक्के गेले. आपल्याकडे याच काळात किलोचा भाव त्र्याहत्तर हजारांच्या आसपासवरून चौतीस हजारांपर्यंत आला. निम्म्याहून थोडा अधिक गेला. मधला फरक रुपयाने खाल्ला. डॉलर चव्वेचाळीसवरून सदुसष्टवर गेला होता आणि चांदीवरचं आयात शुल्कही वाढलं होतं. हाली आणि कलदारासारखंच हे, फक्त दोन्ही रुपये बदलून रुपया आणि डॉलर आले.

आणि त्या २०१६ च्या जानेवारीपाशी मला नेहमी थांबावं लागतं. आलेखात तो तळ आहे. शिकवणारे त्यावर बोट ठेवून सांगतात, इथे घ्यायला हवं होतं. लातूरसाठी तो दुष्काळातला सलग दुसरा हिवाळा होता. गंजगोलाईच्या सराफ लाईनीत बाया तोडे, वाळे, कडदोरे घेऊन यायच्या. खेड्यातल्या दागिन्यांचा टंच, म्हणजे शुद्धतेचा टक्का, कमी असतो. अर्धा किलोचा तोडा पासष्ट टंचाचा निघाला, तर शुद्ध चांदी सव्वातीनशे ग्रॅम; चौतीस हजारांच्या भावाने अकरा हजार, त्यातून घट आणि गाळणावळ. जो भाव वर्तमानपत्रात छापून येतो तो तिला कधीच मिळत नाही. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. ऑगस्टपर्यंत तोच अमेरिकी फंड जानेवारीच्या भावाच्या दुपटीहून पुढे गेला होता. तळाला कुणीतरी विकलेलं असतं म्हणून तो तळ असतो, आणि विकणाऱ्यांतले काही आमच्या जिल्ह्यातले होते. मला हे विसरून तो आलेख शिकवता येत नाही, आणि कुणी शिकवू नये असंही वाटतं.

आता चांदी घ्यायला सराफाकडेच गेलं पाहिजे असं नाही. २०२२ पासून आपल्याकडे चांदीचे ईटीएफ आले. युनिट शेअरसारखं घ्यायचं, चांदी फंडाच्या तिजोरीत. २०२५ च्या ऑक्टोबरात, अतिवृष्टीने सोयाबीन गेलं होतं त्याच हंगामात, उदगीरचा एक तरुण आडत्या घाईघाईने ऑफिसात आला. त्याला सगळी शिल्लक सिल्व्हर ईटीएफमध्ये घालायची होती. मी त्याला दोन आकडे शेजारी ठेवून दाखवले: युनिटचा बाजारातला भाव आणि त्यामागे असलेल्या चांदीची किंमत, म्हणजे एनएव्ही. लंडनमध्ये चांदीची टंचाई, इकडे दिवाळीची मागणी. बाजारभाव एनएव्हीच्या दहा टक्क्यांच्या आसपास वर चालला होता. शंभराची चांदी एकशेदहाला. काही फंड घराण्यांनी तर चांदीच्या फंड-ऑफ-फंडमध्ये एकरकमी पैसे घेणंच थांबवलं होतं. "काका, मग भाव कोणता खरा?" त्याने विचारलं. मी म्हटलं, विकणाऱ्याला वरचा, ठेवणाऱ्याला खालचा.

त्याने त्या दिवशी ऑर्डर टाकली नाही. दिवाळी उलटल्यावर मधला फरकही सरला आणि चांदीही उतरली. मग त्याने थोडी थोडी घ्यायला सुरुवात केली. अजून फोन येतो त्याचा, आणि आधी एनएव्ही सांगतो, मग भाव.