मामाचा पणजीतला फ्लॅट

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही चौघे एका खोलीत राहायचो आणि चौघांत मिळून एक हार्ड डिस्क होती. कोपऱ्याला चीर गेलेली, वायर ठरावीक कोनात धरली तरच चालणारी. ती सीनियर पोरांकडून वारशाने आली होती, त्यामुळे तिच्यात काय काय आहे याचा पत्ता आम्हालाही नव्हता. एकदा सबमिशनच्या आदल्या रात्री, म्हणजे जेव्हा माणूस हमखास नको ते उघडून बसतो तेव्हा, आम्हाला तिच्यात 'द इनबिट्वीनर्स' सापडलं. आधी मालिका, मग सिनेमा. सबमिशन अर्थातच राहिलं.

मालिका ब्रिटनमधली. २००८ ते २०१० या काळात ई-फोर वाहिनीवर आलेली, एकूण १८ भागांची. लिहिणारे दोघे, डेमन बीझली आणि इयन मॉरिस. गोष्ट शाळेतल्या चार पोरांची. ती वर्गातली हिरो नाहीत आणि अगदी वाळीत टाकलेलीही नाहीत. अधली-मधली आहेत, म्हणून हे नाव. त्यातला विल आईवडिलांच्या घटस्फोटामुळे खासगी शाळा सोडून साध्या शाळेत येतो आणि पहिल्याच दिवशी हातात ब्रीफकेस घेऊन उगवतो. पुढे ती ब्रीफकेस काही त्याचा पिच्छा सोडत नाही. सायमन एकाच मुलीसाठी वर्षानुवर्षं झुरतो आणि एक पिवळी चिमुकली फियाट चालवतो, जिचं एक दार लाल आहे. नील भोळा, इतका भोळा की त्याला अपमान झालेलाच कळत नाही. आणि चौथा जे. जे पुड्या सोडतो. मुली, गाड्या, फुटबॉल, कुठलाही विषय काढा, जे त्यात सगळ्यांच्या पुढे जाऊन आलेला असतो.

२०११च्या ऑगस्टमध्ये त्यावर सिनेमा आला. दिग्दर्शक बेन पामर. शाळा संपते, आणि चौघे ग्रीसच्या क्रीट बेटावर, मालिया नावाच्या गावी सुट्टीला जातात. बस, एवढंच. खर्च तुलनेने किरकोळ, पण एकट्या ब्रिटनमध्ये या सिनेमाने चार कोटी पौंडांहून जास्त धंदा केला. आईबाबांबरोबर बघण्यासारखा तो अजिबात नाही. उलटी, विष्ठा, नग्नता, शिव्या, यातलं काहीच सुटलेलं नाही. आम्ही तो सहा-सात वेळा बघितला. पहिल्यांदा सबटायटल लावूनही निम्मं इंग्रजी डोक्यावरून गेलं. शिव्या मात्र संदर्भाने कळत गेल्या. त्या कळायला कुठल्याच भाषेत फार वेळ लागत नाही.

मग नावं वाटली गेली. मी विल, कारण मी मेसमध्ये जेवायलाही लॅपटॉपची बॅग घेऊन जायचो आणि बोलताना लोकांचं इंग्रजी सुधारायचो. एक सायमन, एक नील. आणि चौथ्याच्या बाबतीत तर चर्चाच झाली नाही. तो जे.

आमचा जे तालुक्याच्या गावचा. त्याच्या पुड्या निरुपद्रवी असायच्या. पुण्यात एक मुलगी आहे, ती रोज फोन करते (त्याचा फोन कधी वाजलेला आम्ही ऐकला नाही). दहावीत असताना त्याने बुलेट चालवत थेट कोल्हापूर गाठलं होतं. आणि मामाचा पणजीत फ्लॅट आहे, टू बीएचके, बाल्कनीतून मांडवी नदी दिसते. हा फ्लॅट आमच्या खोलीतला पाचवा मेंबर होता. परीक्षा जवळ आली की कोणीतरी म्हणायचं, "जे, मामाच्या फ्लॅटवर जाऊन अभ्यास करू या का?" तो म्हणायचा, "चला की, किल्ली माझ्याकडेच असते." आम्ही हसायचो. तोही हसायचा.

शेवटच्या वर्षी गोव्याचा बेत ठरला. मे महिन्याच्या अखेरीस, परीक्षा संपल्यावर, पावसाच्या आधी. राहायचं अर्थातच मामाच्या फ्लॅटवर. आम्हा तिघांचं आपसात ठरलेलं होतं: पणजीच्या स्टँडवर उतरायचं आणि शांतपणे म्हणायचं, "हं, दाखव." त्याचा चेहरा कसा होईल याची नक्कल सायमन रोज करून दाखवायचा.

मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं. दोन आठवड्यांनी परत यायचं म्हणून आम्ही गाद्या न गुंडाळताच घरी गेलो. सिनेमात निदान शाळेच्या शेवटच्या दिवशी मिस्टर गिल्बर्ट हे खडूस सर पोरांना निरोपाचं भाषण ठोकतात, उपमर्द करत का होईना. आम्हाला तेही मिळालं नाही. खोलीतलं सामान तीन महिन्यांनी कोणाच्या तरी काकांनी टेम्पोतून आणलं.

त्यानंतर आम्ही चौघे म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप. जूनमध्ये जेचा मेसेज आला. ऑफर लेटर आलं, बंगळुरूची कंपनी, साडेसहा लाखांचं पॅकेज. आमच्यापैकी कोणालाच तोवर साडेतीनच्या वर काही मिळालं नव्हतं. मी काय केलं, तर सिनेमातल्या जेचा एक फोटो शोधला, तोंड वाकडं करून बढाई मारतानाचा, आणि टाकून दिला. खाली लिहिलं, "आणि मामा कंपनीचा सीईओ." नीलने हसून लोटपोट होणाऱ्या इमोजींची रांग लावली. सायमनने विचारलं, ऑफिस मांडवीच्या काठावर आहे का. जेनेही हसण्याचा एक इमोजी टाकला. नंतर त्याचे मेसेज कमी होत गेले. दिवाळीच्या सुमारास तो ग्रुपमधून बाहेर पडला. आम्ही म्हटलं, साहेब बिझी झाले.

२०२२ साली सायमन एका लग्नासाठी जेच्या गावी गेला. मोबाइलला टेम्पर्ड ग्लास बसवून घ्यायला बाजारात एका दुकानात शिरला, तर काउंटरमागे जे. दोघं बोलले, चहाही झाला. दुकान चुलत्याचं होतं. ऑफर लेटर खरं होतं. त्याने ते सायमनला फोनमध्ये काढून दाखवलं. कंपनीने जॉइनिंग दोनदा पुढे ढकललं आणि मग एका मेलवर रद्द करून टाकलं. त्या वर्षी असं पुष्कळ पोरांचं झालं. पण जेची अडचण दुहेरी होती. नोकरी मिळाली म्हणून सांगितलं तेव्हा आम्ही हसलो. आता गेली म्हणून सांगितलं असतं, तर आम्ही म्हणालो असतो, मिळाली होती कधी?

त्या रात्री मी सिनेमा पुन्हा लावला. एकट्याने, भाड्याच्या फ्लॅटवर, उत्तम इंटरनेटवर, वायर कोनात न धरता. आणि पहिल्या काही मिनिटांतच थांबवला. तिथे एक प्रसंग आहे जो आमच्या खोलीत सगळ्यांत जास्त गाजला होता. जे आपल्या खोलीत अशा अवस्थेत आहे की जिचं वर्णन मी करणार नाही, फक्त एवढं सांगतो की सँडविचमधलं हॅम त्या वेळी सँडविचमध्ये नाही. नेमके तेव्हाच घरचे आत येतात. त्याचे आजोबा गेल्याचं सांगायला. आम्ही या प्रसंगाला पोट धरून हसलो होतो, रिवाइंड करून हसलो होतो. आता दिसलं ते हे, की या पोराला आजोबा गेल्याचं दुःख करायला एक सेकंदही मिळालेला नाही. शरमेने त्याची जागा आधीच घेऊन टाकली आहे. मग तो सिनेमाभर ओरडतो, शिव्या देतो, चौघांसाठी अश्लील मजकुराचे टी-शर्ट छापून आणतो.

मालिका ज्यांनी बघितली आहे त्यांना जेचे वडीलही माहीत असतील. पोराच्या मित्रांसमोर त्याची फजिती रंगवून सांगणं हा त्या माणसाचा छंद आहे. जे कुठे फजिती सांगू शकत नाही, कारण ती घरी आधीच सांगून झालेली असते. म्हणून तो फक्त पराक्रम सांगतो. हे काही फार खोल मानसशास्त्र नाही. लेखकांनी ते अगदी समोर ठेवलं आहे. आम्हालाच शिव्यांच्या आवाजात ऐकू आलं नव्हतं.

सिनेमाची बाजू घ्यायची म्हणून मी त्याचे दोष लपवणार नाही. मालियातल्या एका रिकाम्या बारमध्ये चौघांना चार मुली भेटतात. या चौघांच्या लायकीच्या मानाने त्या फारच समजूतदार आहेत, आणि त्या तशा का आहेत हे सिनेमा सांगत नाही. त्यातल्या जेनच्या जाडीवर विनोद होतात. फरक इतकाच, की त्यामागची भित्री लाज सिनेमा नीट दाखवतो. जेला ती मनापासून आवडते, पण चारचौघांत तिच्याबरोबर दिसायची त्याला लाज वाटते. त्याच वेळी जेम्स नावाच्या क्लबमधल्या एका उद्दाम माणसापुढे तो गोंडा घोळत असतो, त्याच्यासारखं व्हायचं म्हणून. शेवटी तो जेनकडे जातो. आपण बदललो आहोत असं भाषण वगैरे देत नाही. नुसता जातो.

पण त्या रात्री मला सगळ्यांत जास्त खटकलं ते वेगळंच. हे चौघे एकमेकांना आम्ही जेला बोललो त्याच्या दसपट वाईट बोलतात. सायमन आणि जे तर हातघाईवर येतात. मग त्यांचं का तुटत नाही?

उत्तर बहुधा सुट्टीच्या रचनेतच आहे. ब्रिटनमध्ये व्लादिमीर राइट्झ नावाच्या माणसाने १९५० साली विमान भाड्याने घेऊन कॉर्सिका बेटावर पहिली स्वस्त सहल नेली. विमान, राहणं, जेवण, सगळं एका पैशात. पुढे भूमध्य समुद्राच्या काठची गावंच्या गावं या धंद्यावर उभी राहिली. मालिया त्यातलंच. गावाच्या पूर्वेला तीन-एक किलोमीटरवर मिनोअन संस्कृतीतला जवळपास चार हजार वर्षांपूर्वीचा राजवाडा आहे, पण आपल्या चौघांना त्याचं सोयरसुतक नाही. मुद्दा असा, की पॅकेजमध्ये परतीचं विमान आधीच ठरलेलं असतं. भांडण झालं म्हणून उठून घरी जाता येत नाही. सकाळी डोकं धरून उठायचं ते त्याच कळकट हॉटेलात, त्याच तिघांच्या तोंडाकडे बघत. काल रात्री काय बोललो ते उन्हात, दातही न घासता, निस्तरावं लागतं.

आमच्या होस्टेलचंही तेच होतं. रात्री जेला कितीही पिडलं, तरी सकाळी गरम पाण्याच्या रांगेत त्याची बादली आणि माझी बादली शेजारी असायची. त्याला ताप आला तेव्हा मेसमधून खिचडी आणून देणारा सायमनच होता, तोच नक्कल करणारा. थट्टा आणि खिचडी एकाच खोलीत होती म्हणून थट्टा पचत होती. ग्रुपवर फक्त थट्टा उरली. मी फोटो टाकला, फोन उलटा ठेवला आणि जेवायला गेलो. तिकडे त्याचा चेहरा कसा झाला ते बघायला खोलीत कोणी नव्हतं.

आणि मी विल होतो, हेही सांगायला हवं. विल सिनेमाचा निवेदक आहे. बाकीचे तिघे कसे मूर्ख आहेत हे तो फार चटपटीत भाषेत आपल्याला सांगत राहतो आणि आपण त्याच्या बाजूने बघतो. निवेदकाचा हा फायदा असतो. ब्रीफकेस घेऊन आलेला तोच होता हे लोक विसरतात.

हे सगळं कळल्यावर मी लगेच फोन केला असेल असं वाटत असेल, तर नाही. मला आणखी दीड वर्ष लागलं. दर वेळी वाटायचं, काय बोलायचं? "तू खरं बोलत होतास" हे वाक्य माफीचं वाटत नाही, पंचनाम्याचं वाटतं. शेवटी एका रविवारी दुपारी केला. त्याने दुसऱ्याच रिंगला उचलला.

"बोला विलसाहेब."

अकरा मिनिटं बोललो. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, रिपेअरिंगही करतो. दिवसाला पन्नास फोन येतात म्हणाला. पन्नास येत असतील, पाच येत असतील. मी विचारलं, स्क्रीन बदलायला किती वेळ लागतो, सगळ्यांत जास्त कुठलं मॉडेल येतं, पाण्यात पडलेला फोन खरंच तांदळात ठेवायचा का. तो हसला, म्हणाला, तांदूळवाल्यांनीच उठवलेलं आहे ते. मग बराच वेळ तो बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो. माफी मागायची राहिलीच. ती मध्ये कुठे बसेना.

फोन ठेवायच्या आधी मी म्हटलं, "गोव्याचं राहिलंय रे आपलं. फेब्रुवारीत जमेल? चौघे."

"बघू. दुकानाचं बघावं लागेल."

"मामाचा फ्लॅट आहे ना अजून?"

दोन सेकंद पलीकडून फक्त दुकानातला आवाज आला. कोणीतरी चार्जरची किंमत विचारत होतं.

"आहे की," तो म्हणाला. "पण सध्या भाड्याने दिलाय."

"मग हॉटेल बघतो," मी म्हटलं. "चौघांना मिळून एकच खोली. चालेल ना?"

"चालेल," तो म्हणाला. "पण बाल्कनी असलेली बघ."