दोघांची चूल

लग्नाला तीन महिने झाले. आम्ही दोघंही नोकरीला आणि स्वयंपाकात दोघंही नवखे. मुंब्र्यात रोज बाहेरचा डबा परवडेना, तेव्हा रत्नागिरीहून अम्मींनी फोनवर भाकरीची उकड शिकवली: वाटीभर पाण्याला उकळी, चवीपुरतं मीठ, वाटीभर तांदळाचं पीठ, वर झाकण, मग गरम असतानाच मळायचं. मळणं एकाकडे, थापणं-भाजणं दुसऱ्याकडे.

‘पुरुषमाणूस चुलीपाशी?’ पाहुण्या खालांनी विचारलंच. हजरत आयेशा (रजि.) यांच्या सांगण्यानुसार, प्रेषित (सल्ल.) घरकामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. मग आम्हाला संकोच कसला?

आता मगरिबनंतर गरम भाकरी आणि बोंबलाचं कालवण, दोघांच्या हातचं. आयांनो, मुलीला शिकवता तसं मुलालाही लग्नाआधीच शिकवा.