नकाशातले रान

आमच्या अंबरपेठेत रान नाही. मुसीच्या काठापर्यंत घरांची दाटी, आणि रानाची ओळख व्हायची ती पाठ्यपुस्तकातच. म्हणून यंदा आम्ही शाळेतील मुलांना संगणकावर ‘भुवन’ उघडून दाखविले. इस्रोने २००९ साली सुरू केलेला हा उपग्रहचित्रांचा नकाशा. ज्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडून तो चालतो, ते याच शहरात, बाळानगरला आहे. पण ही गोष्ट शिक्षकांतही थोड्यांनाच ठाऊक!

प्रथम गच्चीबावलीचे कंच पाहिले. तेलुगूत कंच म्हणजे गुरांचे चराऊ रान. विद्यापीठालगतच्या तेथील चारशे एकरांवर २०२५च्या पाडव्याला, ३० मार्च रोजी, यंत्रे घुसली. विद्यार्थी आणि नागरिक उभे राहिले. आधीची व नंतरची उपग्रहचित्रे घरोघर पोचली. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविली. तोपर्यंत शंभर एकरांच्या आसपास रान उजाड झाले होते.

आम्ही मुलांना यंत्रे येण्याआधीचे चित्र दाखविले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, “सर, इथे तर आधीपासूनच काही नव्हतं.” आम्ही निरुत्तर झालो. उन्हाळ्यातले दख्खनचे झुडपी रान आकाशातून तपकिरीच दिसते. भूगोलाच्या तासाला अशा रंगावर बोट ठेवून ‘पडीक जमीन’ असे वर्षानुवर्षे आम्हीच शिकविले होते! उलट, देशाच्या वनसर्वेक्षणात हेक्टरभर जमिनीवर दहा टक्के वृक्षछाया असली, की आमराईदेखील वनाच्छादनात धरली जाते. हिरवे ते सारे रान नव्हे, आणि तपकिरी ते ओसाड नव्हे, हे नकाशा आपणहून सांगत नाही. तो फक्त कोठे काय बदलले ते दाखवितो. हेही थोडे नव्हे म्हणा.

मग एका रविवारी मुसी ओलांडून, दिलसुखनगरवरून मुलांना वनस्थळीपुरमच्या हरिण वनस्थळीत नेले. निजामाचे हे शिकारीचे रान. १९७५ साली काळविटांसाठी राखीव झाले. काटेरी झुडपांआड काळविटांचा कळप उभा होता. इतका वेळ बडबडणारी मुले एकदम गप्प झाली.

परतल्यावर ज्याने त्याने नकाशावर आपापली खूण केली : वारूळ, मोराचे पीस, काळवीट. एका मुलाची खूण मात्र रानाबाहेर, विजयवाड्याच्या हमरस्त्यावर पडली होती. आम्ही ती पुसू लागलो, तशी त्याने आमचा हात धरला. तेथे त्याला गाडीखाली सापडलेली घोरपड दिसली होती.