अवहित्थेचा फोल्डर

फोनमधल्या जिफ मी नवरसांप्रमाणे लावून ठेवत असे. शृंगार, हास्य, करुण असे नऊ फोल्डर. भरताने नाट्यशास्त्रात आठच रस सांगितले, शांत मागाहून आला, हेही कुणी न विचारता ऐकवत असे.

ती मांडणी आता मी मोडली आहे. हास्याचा फोल्डर फुगला, बीभत्सात दोन उलट्या आणि शांतात एक बुद्ध, एवढंच. पण ते किरकोळ. मला खरं अडवलं ते अशोक सराफांनी. ओठ मिटलेले, नजर तिरकी, भुवई किंचित वर. पाहणारा हसतो, पण त्या चेहऱ्यावर हसू कुठे आहे? शंका आहे. रस जमायला अख्खा प्रसंग लागतो, विभाव-अनुभावांचा मेळ लागतो. दोन सेकंदांच्या मुक्या तुकड्यात मावतो तो फार तर व्यभिचारी भाव, आला आणि गेला असा. आणि त्यांची यादी भरताने आयतीच करून ठेवली आहे: असूया, गर्व, व्रीडा, आलस्य, वितर्क, असे एकूण ३३.

त्यातली अवहित्था, म्हणजे मनातलं चेहऱ्यावर दिसू न देणं, नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त खपते. आत्याने पाठवलेल्या स्थळाचा फोटो पाहून दुसरं काय पाठवणार? यासाठी १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' ही खाणच आहे. घरमालकिणीपासून सगळंच लपवायचं असल्यामुळे त्यातल्या चौघांचे चेहरे सतत सारवासारव करत असतात. 'हेराफेरी'तल्या बाबूराव आपट्यांना यात जागा नाही. परेश रावलांनी त्या माणसाच्या पोटात काही ठेवलेलंच नाही. ते अमर्षात आणि उग्रतेत.

या नव्या मांडणीतही एक खोट आहे, ती नेटस्केपमुळे. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्हने जिफ काढली तेव्हा ती अखंड फिरत नव्हती. ती सोय नेटस्केपच्या ब्राउझरने १९९५ मध्ये केली. तेव्हापासून येऊन जायचा भाव जातच नाही, पुन्हा पुन्हा येत राहतो. व्यभिचाऱ्याला असं बळेच स्थायी केलेलं भरताला रुचलं नसतं. मला रुचतं.

धृती आणि मती हे दोन फोल्डर मात्र रिकामे आहेत. तशी मागणीही कुठल्या ग्रुपवर नाही.