जिन्यातला दिवा

आमच्या घराचा जिना चौदा पायऱ्यांचा, मधे एक वळण. वर भाईजान, खाली अम्मी आणि आम्ही. अब्बांच्या इंतकालनंतर चुली दोन झाल्या, मीटर दोन झाले. जिन्यातला दिवा मात्र एकच राहिला. त्याचं बिल कोणाच्या मीटरवर, यावरून दोन वर्षं कुरकुर चालली होती. रक्कम इतकी किरकोळ, की सांगायची लाज वाटावी.

पूर्वी वर एक बटण होतं, खाली एक. कुठूनही लावा, कुठूनही विझवा. पण भाईजानच्या दाराला काच. रात्री उजेड थेट लेकीच्या डोळ्यांवर जाई. मग त्यांनी वर गोल डिमर बसवून घेतला. आम्ही मागे का राहावं? खालीही एक बसवला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, दोन्हीकडून कमी-जास्त होईल.

मागच्या रमजानात सहरीच्या वेळी अम्मी नेहमीप्रमाणे वरच्यांना उठवायला निघाली. भाईजान डिमर अगदी कमी करून झोपले होते. अम्मीने खालचा पूर्ण फिरवला. दिवा नुसता लुकलुकला. बल्ब गेला असेल म्हणून ती तशीच चढली आणि वळणावर पडली. उजवं मनगट मोडलं.

आम्ही दहावीला विज्ञान शिकवतो. फळ्यावर ‘सिलसिलावार’ आणि ‘मुतवाज़ी’, म्हणजे एकसर आणि समांतर जोडणीच्या आकृत्या दरवर्षी काढतो. आणि घरात दोन डिमर एकाच तारेवर एकामागे एक बसले, ते दिसलं नाही! आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणजे शंभर अर्ध्या लाटा. डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेचा तुकडा कापतो. वरच्याने कापून टाकलेलं खालचा परत कुठून आणणार? उलट कापलेली लाट हाती आल्यावर त्याचाही अंदाज चुकतो.

अम्मीच्या प्लास्टरच्या दिवसांत आम्ही दोघे भाऊ खूप दिवसांनी एकत्र बसलो. शेवटी तीन स्मार्ट डिमर आणले. यात दिव्याची तार एकाच डिमरला जोडतात. बाकीच्यांना फक्त स्वतःपुरती वीज लागते, हुकूम ते बिनतारी पाठवतात. इंटरनेट गेलं तरी आपसात बोलतील, असा प्रकार मुद्दाम घेतला. जिन्याच्या जुन्या बॉक्समध्ये न्यूट्रल नव्हता, त्यासाठी भिंत फोडावी लागली. फेज एका मीटरचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा, असं चालत नाही. म्हणून दिवा आणि खालचा डिमर आमच्या मीटरवर, वरचा डिमर भाईजानच्या. दोन मजल्यांमधली तार कायमची काढून टाकली. बिलाचं भांडणही तिच्याबरोबर गेलं, हे काम झाल्यावर लक्षात आलं.

डिमरवर चालणारा एलईडी बल्बही नवा घ्यावा लागला. पहिल्या रात्री तिन्ही डिमर एकमेकांचं ऐकून पुन्हा एकमेकांनाच हुकूम देऊ लागले. दिवा आपोआप चढे-उतरे. अम्मी म्हणाली, “जिन्न शिरलाय.” मग बोट लागेल त्यानेच हुकूम पाठवायचा, इतरांनी फक्त ऐकायचं, असं लावून दिलं.

वाद उरला तो सर्वांत मंद उजेडाचा. भाईजान म्हणत दहा टक्के, आम्ही म्हणत चाळीस. अम्मी काही न बोलता वळणावर जाऊन उभी राहिली, हात गळ्यात बांधलेला. भाईजान मोबाइलवर उजेड वाढवत गेले. “बस,” ती म्हणाली, “आता पायरीची कड दिसते.” आकडा सव्वीस होता. त्याखाली आता कोणालाच जाता येत नाही.

तिसरा डिमर अम्मीच्या उशाशी आहे. या रमजानात ती जिना चढली नाही. सहरीला पलंगावरूनच तिने दिवा पूर्ण मोठा केला. दाराच्या काचेतून उजेड आत गेला असणार, कारण वरून लगेच भाईजानचा आवाज आला, “उठलो, अम्मी!”